किल्लीवाचूनची कुलपे

जुन्या कुलपांच्या संग्राहकाची ओळख करून देणारा लेख मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीत ठरावीक काळाने उगवत असतो. एक वाचला की सगळे वाचून होतात. आरंभी कुलपांची संख्या. मग सर्वांत मोठ्या कुलपाचे वजन, आणि सर्वांत लहान कुलपाची हरभऱ्याच्या दाण्याशी तुलना. त्यानंतर आकारांची यादी : विंचू, मासा, घोडा, मोर, नंदी. पुढे संग्राहकाच्या पत्नीच्या सहनशीलतेविषयी एक कौतुकाचे वाक्य, आणि अखेरीस हा वारसा नव्या पिढीपर्यंत पोहोचावा अशी सदिच्छा. सोबत छायाचित्र असते. त्यात चिंचेने घासून लखलखीत केलेली पितळी कुलपे भिंतभर लटकत असतात आणि त्यांच्यापुढे हाताची घडी घालून गृहस्थ उभे असतात.

या लेखांत एक साधा प्रश्न विचारलेला आमच्या वाचनात आजवर आलेला नाही : यांपैकी किती कुलपांना किल्ली आहे?

हा प्रश्न आम्ही बाहेरच्या माणसाच्या तुसडेपणाने विचारत नाही. आम्हां तिघांना हा छंद आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात आम्हीही सकाळी लवकर जाऊन उकिडवे बसलेले आहोत, घासाघीस केलेली आहे, फसलेलोही आहोत. आमच्या कपाटातही किल्ली नसलेली कुलपे आहेत आणि त्यांची आम्हांला थोडी लाज वाटते. पण जी गोष्ट आम्हांला उणीव वाटते तिचा उल्लेखही आवश्यक वाटू नये, इतकी बेफिकिरी या क्षेत्रात रुजलेली पाहून आता गप्प बसवत नाही. आपल्याकडे ज्याला कुलपांचा संग्रह म्हणतात तो बहुतेक ठिकाणी पितळेचा संग्रह असतो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी एका पडत्या वाड्याचे सामान विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे आम्ही एक लोखंडी कुलूप पाहिले. लांबट नळकांडे, एका अंगाला कडी, आणि सुतळीने बांधलेली त्याचीच किल्ली. असा योग क्वचित येतो. व्यापारी म्हणाला, ‘गंजलंय साहेब, किल्ली फिरत नाही.’ आणि ते सिद्ध करण्यासाठी त्याने पक्कडीत धरून किल्ली अशी पिळली की तिचे टोकच वाकले. ती किल्ली फिरण्यासाठी घडवलेलीच नव्हती. ती सरकवायची असते.

या जातीच्या कुलपाची रचना सांगायला हवी, कारण ती कळली की पुढचे आमचे म्हणणे आपोआप कळेल. कडीला जोडलेल्या दांड्यावर पोलादाच्या लवचीक पट्ट्या बसवलेल्या असतात, एका टोकाला जखडलेल्या आणि दुसऱ्या टोकाला किंचित उमललेल्या. दांडा नळकांड्यात ढकलला की अरुंद तोंडातून जाताना पट्ट्या मिटतात, आत पोहोचल्यावर पुन्हा उमलतात आणि दांड्याला मागे येऊ देत नाहीत. छत्री उघडल्यावर दांडीवरचा खटका बाहेर येऊन तिला मिटू देत नाही, तसाच हा प्रकार. किल्लीच्या टोकाला पट्ट्यांच्या मापाची भोके असतात. ती दुसऱ्या बाजूने आत सरकवली की पट्ट्यांवरून जाते, त्यांना दाबून मिटवते आणि कुलूप सुटते. रोमन साम्राज्यात हीच युक्ती होती, चीनमध्ये होती आणि आपल्याकडेही लोहार ती शतकानुशतके वापरत होते. दुसरी आपल्याकडची जात मळसूत्री कुलपांची. त्यांत किल्लीलाच आटे पाडलेले असतात. ती फिरते खरी, पण अनेक वेढे फिरते आणि आतल्या खिट्टीला स्प्रिंगच्या विरुद्ध हळूहळू ओढून घेते. आजच्या कुलपांवर हात बसलेला माणूस एकदा फिरवून थांबतो आणि कुलूप बिघडले असे ठरवतो.

म्हणजे किल्ली हा कुलपाचा निम्मा देह आहे. ती गेली की उरते ते खोके. व्यापाऱ्याने त्या दिवशी जे केले ते अज्ञानाने केले आणि त्याला आम्ही दोष देणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी ‘हे कसे चालते?’ असे विचारले असते तर त्यालाही ते ठाऊक झाले असते. गिऱ्हाईक विचारते ते एवढेच : ‘याला जरा पॉलिश होईल का?’

पॉलिशचे प्रकरण तर वेगळेच संतापजनक आहे. पितळी कुलपाच्या अंगावर कानशीच्या खुणा असतात, जोडाची रेघ असते, कधी ठोकलेला आकडा असतो, किल्ली वर्षानुवर्षे घासून किल्लीच्या भोकाच्या कडेला पडलेला गुळगुळीत खड्डा असतो. उजव्या हाताने कुलूप लावणाऱ्याची झीज एका अंगाला जास्त पडते, हे एकदा पाहायला शिकले की मग नजर तिथेच जाते. यंत्राच्या पोचाऱ्याखाली हे सारे पाच मिनिटांत सपाट होते. एखाद्या पोथीवरची शाई धुऊन कागद पांढराशुभ्र झाला म्हणून कोणी आनंद मानला तर त्याला आपण काय म्हणू?

यावर ठरलेला आक्षेप येतो : अहो, वस्तू सुंदर आहे, आणखी काय हवे? आणि या आक्षेपाला हमखास दिनकर केळकरांचे नाव जोडले जाते. म्हणून त्याविषयी नीट बोलले पाहिजे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, दरवाजे यांच्याकडे कलावस्तू म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवले. ज्या काळात ही पितळ-तांब्याची चीजवस्तू मोडीत जाऊन भट्टीत वितळत होती, त्या काळात ‘थांबा, हे सुंदर आहे’ असे कुणीतरी म्हणणे अत्यंत निकडीचे होते. ते काम त्यांनी एकहाती केले. पुण्यातले त्यांचे संग्रहालय त्याची साक्ष आहे. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यांच्याकडून फक्त डोळा उचलला. घरोघर हिंडून माणसांशी बोलणे आणि वस्तूचा रोजचा उपयोग ध्यानात घेणे त्यांनी सोडून दिले. शिवाय अडकित्ता आणि कुलूप यांत फरक आहे. अडकित्त्याकडे पाहिले की तो काय करतो ते दिसते. कुलपाचे सारे मर्म न दिसणाऱ्या भागात असते, तसे ते असावे हाच त्याचा हेतू असतो. केवळ डोळ्यांनी कुलपाचा आस्वाद घेणारा माणूस त्याला जे दाखवायचे होते तेवढेच पाहून परत फिरतो, आणि ते पाहायला चोरालाही मज्जाव नव्हता.

या आंधळेपणाचा भुर्दंड संग्राहकांना रोख भरावा लागतो, हे मात्र थोडे गमतीचे आहे. बाजारात आज ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या आकाराच्या कुलपांत नवी घडवलेली मोप असतात. ओतून काढायची, आम्लात बुडवायची, ओल्या मातीत पुरायची, की झाली पुरातन. बाहेरून पाहणाऱ्याला ती ओळखता येणे कठीण. किल्ली घालून चारदोनदा उघडझाप केली की मात्र बिंग फुटते. आतले भाग सैल खडखडतात, स्प्रिंगेत जीव नसतो, किल्लीच्या वाटेवर झीज नसते, आणि ज्या जागी कारागिराने कानस चालवलीच पाहिजे तिथे ओतकामाचा खरखरीतपणा तसाच असतो. कारण ते कुलूप कुणालाही कशापासून रोखण्यासाठी बनलेले नसते. भिंतभर कुलपांच्या त्या छायाचित्रांत अशी किती असतील याचा अंदाज आम्ही मनातल्या मनात करतो. छापत नाही.

आता तिजोऱ्यांकडे वळू, कारण तिथे अज्ञानाच्या पुढची पायरी गाठलेली आहे.

जुनी तिजोरी ही सध्या सजावटकारांची आवडती वस्तू झाली आहे. तिचे आतले खण काढून, दिवे बसवून तिच्यात मद्याच्या बाटल्या मांडतात. दार हलके व्हावे म्हणून त्याच्या दोन पत्र्यांमधला पांढरा भुगा उपसून टाकतात. तो भुगा म्हणजेच तिजोरी. लोखंड आगीला अडवत नाही, उलट तापून आतला कागद भाजून काढते. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारखानदारांनी दोन भिंतींच्या पोकळीत तुरटीसारखे क्षार भरायला सुरुवात केली. तुरटी तापली की तिच्या स्फटिकांत बांधलेले पाणी वाफ होऊन सुटते, आणि ते पाणी आहे तोवर आतला कागद जळण्याइतका तापत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेले ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज फुटले आणि आसमंत पेटला. त्या आगीनंतर गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांपासून ज्या उद्योगाला आरंभ केला त्याचे नाव घरोघर झाले ते अशा कसोट्यांमुळे. आज त्या काळातली तिजोरी बाटल्यांसाठी पोखरणारा माणूस वारसा जपल्याचा आव आणतो.

पण खरे दुखणे याहून खोल आहे. तिजोरीत काय होते? हा प्रश्न सजावटकाराला पडत नाही यात नवल नाही. तो संग्राहकालाही पडत नाही. गावोगावच्या सावकारी वाड्यांतून ज्या पेट्या आणि तिजोऱ्या बाहेर आल्या त्यांत सोन्याइतकेच मोलाचे, किंबहुना सोन्याहून मोलाचे, असत ते कर्जरोखे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले तेव्हा त्यांनी मागितले ते हे कागद. रोखे आणि वह्या मिळाल्या की त्यांची होळी झाली. जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या उन्हाळ्यात दख्खनमधल्या कुठल्याही पेटीच्या कुलपाला जो अर्थ होता तो कुठल्याही आकाराच्या पितळी विंचवाला कधीही आला नसेल. पेटीच्या एका बाजूला जमीन गमावणारा होता, दुसऱ्या बाजूला ती लिहून घेणारा. कुलूप मधोमध.

या इतिहासाची एक ओळही नसताना ‘पूर्वीच्या काळची श्रीमंती’ या मथळ्याखाली सावकाराची पेटी मांडून ठेवणे याला आम्ही निष्पाप छंद म्हणू शकत नाही. कुणापासून काय राखले जात होते, हे सांगितल्याशिवाय कुलूप दाखवणे म्हणजे कुलूप लावणाऱ्याचीच बाजू घेणे होय, मग ती न कळत का असेना. आणि हे सावकारापुरतेच नाही. एकत्र कुटुंबातल्या फडताळाचे कुलूप आणि सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा यांतून घरातल्या सुनांच्या वाट्याला आलेल्या दूध-तुपाचा हिशेब निघू शकतो. त्या जुडग्यांतल्या किल्ल्या आज सुट्या होऊन वजनावर विकल्या जातात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर चेहऱ्याने घेतला जातो. कुलपे उघडून पाहणे, त्यांची रचना लिहून प्रसिद्ध करणे, किल्लीवाचून ती कशी उघडतात याचा अभ्यास करणे हे चोरांना शिकवणे आहे, असे आम्हांला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले होते. हा वाद पावणेदोनशे वर्षे जुना आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. इंग्लंडमध्ये जेरेमाय चब याने 1818 मध्ये जे कुलूप घडवले त्यात एक खुबी होती. कुणी हत्यार घालून आतली लिव्हर गरजेपेक्षा वर उचलली की ती अडकून बसे, आणि मालकाला आपल्या मागे कुणीतरी खटपट केल्याचे कळे. पोर्ट्समथला बंदिवासात असलेल्या, धंद्याने कुलूपकार असलेल्या एका कैद्याला हे कुलूप उघडल्यास शिक्षामाफी आणि 100 पौंड देऊ केले होते. त्याने महिनोन्महिने खटपट करून हार मानली. दुसरे कुलूप ब्रामाचे. ते उघडणाऱ्याला 200 गिनी देण्याची पाटी लंडनच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके झळकत होती. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपकार आला आणि त्याने चबचे कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे 25 मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाला त्याला 16 दिवसांत विभागलेले 51 तास लागले, पण तेही उघडले.

मग जो गिल्ला झाला त्यात हाच सूर होता : असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत. हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, आपण शिकवण्याआधीच त्यांना हे ठाऊक असते, अंधारात राहतो तो फक्त भाबडा मालक. पुढच्या काळाने हेच खरे ठरवले. कुलपे सुधारली ती त्या गिल्ल्यामुळे. गुप्ततेवरच भिस्त ठेवणाऱ्यांसाठी फ्रान्सचा सोळावा लुई हे उदाहरण आहे. या राजाला स्वतः कुलपे घडवण्याचा नाद होता. त्याचा या विद्येतला गुरू गामँ यानेच त्याच्यासाठी त्विलरी राजवाड्याच्या भिंतीत लोखंडी दाराचे गुप्त कपाट बसवले, आणि 1792 च्या नोव्हेंबरात त्यानेच मंत्र्याकडे जाऊन त्याचा ठाव सांगितला. आत सापडलेले कागद राजावरच्या खटल्यात पुढे आले.

आपल्या वाङ्मयातला चोरही या बाबतीत आमच्या बाजूचा आहे. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडण्याआधी वीट कच्ची की भाजलेली हे तपासतो, भोकाचे शास्त्रोक्त आकार आठवतो आणि त्यांतला पूर्णकुंभ निवडतो. मापाची दोरी विसरली म्हणून जानवे काढून त्याने मोजतो, आणि बंद कवाडे उघडायलाही जानवे कामी येते असे वर म्हणतो. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणारे जगात दोघेच, चोर आणि संग्राहक. त्यांतल्या चोराला निदान ते उघडते की नाही याची आस्था असते!

मग संग्रह करावा तरी कसा? न्यूयॉर्कमधल्या यंत्रकारांच्या आणि कारागिरांच्या एका जुन्या संस्थेला जॉन मॉसमन याने 1903 मध्ये आपला संग्रह दिला. नग काही शेकड्यांतच. पण मॉसमन बँकांच्या तिजोऱ्यांच्या धंद्यातला माणूस होता आणि त्याने कालकुलपांसारख्या, अजिबात शोभिवंत नसलेल्या वस्तू जमवल्या. कालकुलूप म्हणजे घड्याळाला जोडलेले कुलूप. ठरलेली वेळ होईपर्यंत ते मालकालाही उघडत नाही. ते का लागले? 1876 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथे दरोडेखोरांनी बँकेच्या कॅशियरच्या घरात रात्री शिरून, त्याला छळून तिजोरीचे क्रमांक वदवून घेतले. अशा प्रसंगांनंतर बँकांनी कालकुलपे धडाक्याने बसवली, म्हणजे कॅशियरला छळण्यात अर्थच उरू नये. ही हकीकत माहीत असेल तर त्या रुक्ष चकत्यांपुढे माणूस थबकतो.

आपल्याकडे तर हे काम अजून माणसांना विचारून करता येईल, आणि म्हणूनच घाई आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या हातकामाच्या कुलपांना 2019 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही चांगलीच गोष्ट, पण ते घडवणारे हात कमी होत चालले आहेत. आपल्याकडच्या ओतारी, लोहार, घिसाडी कारागिरांपैकी ज्यांनी वडिलांना कुलूप घडवताना पाहिले असे म्हातारे आता थोडे. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याऐवजी आपण वाड्याच्या दारातून कोयंड्यासकट कुलूप उचकटून आणणाऱ्यांना पैसे मोजतो. दार एकीकडे, कुलूप दुसरीकडे, किल्ली भंगारात आणि घराचे नाव कुणालाच ठाऊक नाही. अशा शंभर कुलपांपेक्षा, कुणाच्या कोणत्या दारावर होते ते ठाऊक असलेले, उघडणारे, न घासलेले एक गंजके कुलूप आम्हांला अधिक मोलाचे वाटते. पुरवणीत त्याचा फोटो छापून येणार नाही हे आम्ही जाणतो.

मागच्या वर्षी साताऱ्याकडच्या एका गावात आम्हांला असे एक कुलूप दिसले. वाड्याच्या सामायिक कोठीचे. वाटणी झाली तेव्हा कुलूप थोरल्या घराकडे राहिले आणि किल्ली धाकट्या घराकडे, म्हणजे एकाने दुसऱ्याला बोलावल्याशिवाय कोठी उघडू नये. दोन्ही घरांचे बोलणे मध्ये पंचवीस वर्षे बंद होते आणि कोठीही. थोरल्या घरच्या आजोबांनी कुलूप आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘न्या, आम्हांला काय करायचंय.’ आम्ही किल्लीसाठी दोन गल्ल्या ओलांडून धाकट्या घरी गेलो. तिथल्या काकूंनी ती देवघरातल्या डब्यातून काढली, पण हातात दिली नाही. स्वतःच आमच्याबरोबर आल्या, ओसरीवर बसल्या आणि किल्ली सरकवून कुलूप उघडून दाखवले. तेल न घालता उघडले. आम्ही मापे घेतली, पट्ट्या मोजल्या (चार), आकृती काढली, दोघांनी सांगितलेली हकीकत दोन वेगळ्या पानांवर उतरवून घेतली, कारण ती जुळत नव्हती. कुलूप तिथेच ठेवले. किल्ली काकू परत घेऊन गेल्या.